जुन्या गोल्ड विंगवरून नव्या पिढीच्या गोल्ड विंगवर जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: होंडा गोल्ड विंग जीएल१८०० ही मोटरसायकल, २००८ चं मॉडेल, इंजिन ठणठणीत. तुम्ही आणि सौभाग्यवती दोघं मिळून लांबचे दौरे करता. साठी जवळ आली आहे आणि उभी गाडी मागेपुढे करताना आता दमछाक होते. २०१८ नंतरची गोल्ड विंग टूर घ्यावी का, घेतली तर डीसीटी (क्लच न दाबता आपोआप बदलणारे गिअर) की साधे गिअर, आणि जुनी गेल्यावर चुटपुट लागेल का?

उत्तर आधी सांगतो: घ्या. फक्त ती आपल्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती आहे असं समजून घेऊ नका. नाराज होणारे बहुतेक जण इथेच फसतात. २००१ ते २०१७ ची जीएल१८०० ही 'सगळं घर सोबत घेऊन निघा' या विचाराची गाडी होती. २०१८ साली होंडाने ठरवून तिला आवरतं घेतलं: वजन कमी, बॉक्स लहान, टाकी लहान, काच लहान. यातल्या काही गोष्टी तुम्हाला हव्याच आहेत, काही मुळीच नको असतील. त्यामुळे 'नवी चांगली की जुनी' यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही दोघं गाडी कशी वापरता, त्यावर सगळं ठरतं.

तरी तुलना करण्याआधी एक काम करा. तुमची सध्याची गाडी नीट करून घ्या. इतक्या वर्षांच्या गाडीचे फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचे) स्प्रिंग दबलेले असतात, फोर्क ऑइल कधी बदललं ते कुणाला आठवत नाही, हँडलच्या बेअरिंगला खाच पडलेली असते, मागचा शॉकअप मेलेला असतो. नक्षी शिल्लक असली तरी टायरचं रबर कडक झालेलं असतं. बाजूवर चार आकडी तारीख कोरलेली असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ती बघा. अशा थकलेल्या गाडीवरून उतरून शोरूमच्या गाडीवर बसलं की जमीन-अस्मानाचा फरक वाटणारच. त्यातला मोठा भाग पिढीचा नसून झिजेचा असतो. मी अशी कितीतरी माणसं पाहिली आहेत, ज्यांना खरं तर नवे टायर, फोर्कचं काम आणि हँडलची बेअरिंग एवढंच हवं होतं. हे काम वाया जात नाही. गाडी ठेवलीत तर चालवायला मजा येईल, विकलीत तर चालवून बघणाऱ्याला ते लगेच कळेल.

आता नव्या गाडीत नेमकं काय बदललं ते. पडदा, आवाज, दिवे हे सगळं नंतर. सगळ्याचं मूळ पुढच्या सस्पेन्शनमध्ये आहे, आणि ते समजलं की बाकीची गाडी आपोआप समजते.

तुमच्या गाडीला नेहमीचे दुर्बिणीसारखे सरकणारे फोर्क आहेत. खड्डा आला की चाक तिरकं, म्हणजे वर आणि मागे, इंजिनाच्या दिशेने येतं. त्यासाठी चाकामागे मोकळी जागा ठेवावी लागते. २०१८ च्या गाडीला डबल विशबोन आहे: चाक एका ताठ चौकटीत बसवलेलं, ती चौकट दोन आडव्या दांड्यांवर वरखाली होते आणि हँडल वेगळ्या जोडदांड्यांनी तिला वळवतं. मूळ कल्पना नॉर्मन हॉसॅक या ब्रिटिश अभियंत्याची. बीएमडब्ल्यूने के मालिकेत तिचंच रूप ड्युओलिव्हर या नावाने आणलं. अशा रचनेत चाक जवळजवळ सरळ वर जातं. म्हणून इंजिन पुढे सरकवता आलं. इंजिन पुढे गेलं म्हणून चालवणारा पुढे आला, मागे बसणाराही पुढे आला. माणूस काचेच्या जवळ आला म्हणून काच लहान करता आली, फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) अरुंद करता आलं. इंजिनही नवं आहे: १८३२ ऐवजी १८३३ सीसी, पण सिलिंडरमागे दोनऐवजी चार व्हॉल्व्ह, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ७३ मिलिमीटर, लांबीला आखूड. स्टार्टर आणि जनरेटर एकाच यंत्रात आणले आहेत. हे सगळं मिळून टूर मॉडेलचं वजन तुमच्या गाडीपेक्षा सुमारे ४० किलोंनी उतरलं.

ताकदीचे आकडे पाहून हुरळून जाऊ नका. ८७ किलोवॅटचे ९३ झाले, टॉर्क १६७ चा १७० न्यूटन मीटर. कागदावर हा फरक किरकोळ आहे. रस्त्यावर तो जाणवतो तो हलकेपणामुळे आणि जास्तीच्या गिअरमुळे: तुमचे पाच, नव्या साध्या गिअरबॉक्सचे सहा, डीसीटीचे सात. वरच्या गिअरमध्ये हायवेला इंजिन अगदी निवांत फिरतं.

या सस्पेन्शनची एक गंमत आधी सांगून ठेवतो, कारण पहिल्या दिवशी ती दचकवते. ब्रेक दाबला की तुमची गाडी नाक खाली घालते, आणि ती किती वाकली यावरून ब्रेक किती लागला याचा अंदाज इतक्या वर्षांत तुमच्या हाताला झाला आहे. नवी गाडी फारशी वाकत नाही. त्यामुळे ब्रेक लागलाच नाही असं वाटतं, प्रत्यक्षात तो जुन्यापेक्षा जोरात लागलेला असतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, वाढत्या वेगांवरून काही वेळा पूर्ण थांबून बघा, मगच सौभाग्यवतींना मागे बसवा. दुसरं, हँडलपुढच्या त्या जोडदांड्या खड्ड्यागणिक नाचताना दिसतात आणि हँडल मात्र स्थिर राहतं. नजर तिकडे जाते. थोड्या प्रवासानंतर ती जायची बंद होते.

पुढच्या चाकाची हालचाल मात्र कमी झाली आहे: जुन्यात सुमारे १४० मिलिमीटर, नव्यात ११०. छोटे खाचखळगे, रस्त्याचे सांधे, खडबडीत डांबर ही गाडी फार छान गिळते, कारण फोर्कमधलं घर्षण उरलेलं नाही. पण खोल खड्ड्यात वेगाने घातली तर ती तळाला आपटते. तुमचे दौरे बरेचसे तुटक्या रस्त्यांवरून होत असतील तर अशाच रस्त्यावर चालवून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

आता वजनाकडे वळू, कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे. ४० किलो कमी म्हणजे गाडी हलकी झाली असं नव्हे. अजूनही ती पावणेचारशे किलोंच्या पुढेच आहे, आणि आडवी झाली तर उचलण्याचं तंत्र तेच: पाठ गाडीकडे, ताकद पायांची. सीटची उंचीही जवळपास तीच, ७४० ची ७४५ मिलिमीटर. फरक पडतो तो ढकलताना आणि अगदी कमी वेगात. डीसीटीमध्ये वॉकिंग मोड आहे, बटणाने गाडी पावलाच्या वेगाने पुढेही जाते आणि मागेही. साध्या गिअरच्या गाडीत तुमच्यासारखाच विजेवरचा रिव्हर्स आहे, पुढे ढकलायची सोय नाही. उतरत्या पार्किंगमध्ये नाक भिंतीकडे करून अडकलेल्या माणसालाच या बटणाची किंमत कळते.

डीसीटी की साधे गिअर, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत डीसीटीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. तिला क्लचचा दांडाच नाही. जागच्या जागी वळताना आपण सगळे क्लच अर्धा दाबून गाडी तोलतो, ते हत्यार हातातून जातं. त्याऐवजी अॅक्सिलरेटर किंचित, स्थिर उघडा ठेवायचा आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून वेग आवरायचा. वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर गाडीचा आधार सुटतो आणि ती आतल्या बाजूला कलंडते. जुन्या, मुरलेल्या चालवणाऱ्यांच्या हातून डीसीटी पडते ती बहुतेक अशीच, पहिल्या काही आठवड्यांत, घराच्या फाटकात. मोकळ्या मैदानात दोन-तीन सकाळी इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवलीत की हात बसतो. तुमच्या डाव्या मनगटाला किंवा अंगठ्याला त्रास होत असेल तर प्रश्नच मिटला. लांबच्या दौऱ्याच्या शेवटी शहराच्या गर्दीत शिरताना डीसीटीसारखं सुख नाही. आणखी एक: बंद केल्यावर डीसीटी गिअरमध्ये राहत नाही, म्हणून वेगळा पार्किंग ब्रेक दिलेला आहे. जुनी सवय म्हणून गाडी गिअरमध्ये आहे असं गृहीत धरून उतारावर सोडून जाऊ नका.

मागच्या सीटबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. गाडी चालवता तुम्ही, पण दौरा किती लांबेल हे मागे बसलेलं माणूस ठरवतं. तुमच्या गाडीची मागची सीट ही आरामखुर्ची आहे. रुंद, पाठ किंचित मागे, हात टेकायला जागा. २०१८ ते २०२० च्या टूरमध्ये मागचा टेका बराच ताठ होता आणि बसायची जागाही आवळलेली. तक्रारी इतक्या आल्या की २०२१ च्या मॉडेलमध्ये होंडाने टेका मागे कलवला, उशी सुधारली आणि मागचा ट्रंक ५० वरून ६१ लिटरचा केला. पूर्ण चेहऱ्याची दोन हेल्मेटं ट्रंकमध्ये नीट मावू लागली ती तेव्हापासून. म्हणून सेकंडहँड बघत असाल आणि दोघं फिरणार असाल, तर २०२१ किंवा पुढचंच वर्ष बघा. आधीच्या गाडीला बाहेरून टेका बदलून घेता येतो, पण ट्रंक मोठा होत नाही.

चालवून बघायला जाताना दोघं जा. शोरूमभोवतीच्या फेरीवर समाधान मानू नका, तास-दीड तास मागा आणि त्यातला बराच वेळ सौभाग्यवतींना मागे बसवा. त्यांना तीन गोष्टी विचारा: गुडघे दुमडून अवघडले का, कंबरेला टेका नेमका कुठे लागतो, आणि हेल्मेटवर वारा थडथडतो का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. नवी काच लहान आहे, विजेवर वरखाली होते, आणि पुढच्याला जिथे शांत वाटतं तिथे मागच्याच्या डोक्यावर वाऱ्याचे तडाखे बसू शकतात. दोघांच्या उंचीत फरक असेल तर हमखास. उंच काच बाजारात मिळते, पण ती बसवल्यावर उन्हाळ्यात छातीला वारा लागत नाही. त्यांचं उत्तर 'ठीक आहे' असं आलं तर ते 'नाही' असंच समजा.

सामान. तुमच्या तिन्ही बॉक्सची मिळून जागा दीडशे लिटरच्या आसपास आहे. २०१८ च्या टूरमध्ये ११० आणि २०२१ पासून १२१ लिटर. शिवाय बाजूचे बॉक्स आकाराने अरुंद आणि खोलगट आहेत, तुमच्या जुन्या आतल्या पिशव्या त्यात बसणार नाहीत. गेल्या लांब दौऱ्याला जे नेलं होतं ते सगळं घरी जमिनीवर मांडा आणि त्यातून चौथाई बाजूला काढा. काढताना जीव तुटत नसेल तर पुढे जा. तंबू, स्वयंपाकाची भांडी, खुर्च्या असं घेऊन फिरणारी जोडपी असतील, तर त्यांना मी जुनीच ठेवा असं सांगतो. ट्रंकवर रॅक लावून भार चढवणं हा उपाय नाही. वजन मागे आणि उंचावर गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरू लागतं. गाडीच्या पुस्तिकेत एकूण भाराची मर्यादा दिलेली असते. दोन माणसं, दोन हेल्मेटं, जॅकेट, बूट यांची बेरीज केलीत की सामानाच्या वाट्याला किती कमी उरतं ते पाहून धक्का बसेल. जुन्या गाडीवरही ही मर्यादा होतीच, आपण फक्त तिकडे बघत नव्हतो.

टाकी २५ लिटरची २१ झाली यावर उगाच आरडाओरडा होतो. कंपनीचा आकडा १०० किलोमीटरला ५.६ लिटर, म्हणजे लिटरला १८ च्या जरा खाली. पूर्ण टाकीला पावणेचारशे किलोमीटर. जुनी सर्वसाधारण चालीने लिटरला १५-१६ देते, म्हणजे तीही तिथेच येऊन थांबते. मागे ट्रेलर ओढत असाल किंवा सतत वेगात पळत असाल तर हिशेब बदलेल, एरवी फरक जाणवत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स. अॅपल कारप्ले (आयफोनवरचे नकाशे, गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) २०१८ पासून आहे, गोल्ड विंग ही ते मिळालेली पहिली मोटरसायकल. अँड्रॉइड फोनसाठीची तशीच सोय, अँड्रॉइड ऑटो, २०२० मध्ये आली. २०२५ पर्यंत दोन्ही वायरने जोडायचे, त्या वर्षापासून बिनवायरचे. फोन जोडला तरी हेल्मेटमधला हेडसेट जोडलेला नसेल तर कारप्ले चालू होत नाही. विकत घेण्याच्या दिवशी अर्धे लोक यावरच हैराण असतात. यापलीकडे पडद्यासाठी गाडी बदलू नका. फोनची पिढी तीन-चार वर्षांत बदलते, गाडी तुम्ही पंधरा वर्षं ठेवणार. खरा फायदा ट्रॅक्शन कंट्रोलचा (मागचं चाक घसरू लागलं की ताकद आवरणारी यंत्रणा) आणि पावसाच्या मोडचा आहे. तुमच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नाही, आणि ओल्या रंगीत पट्ट्यांवर, डिझेल सांडलेल्या वळणावर एवढ्या टॉर्कच्या गाडीला ते हवंच.

एक गैरसमज तेवढा काढून टाका: तुमच्या गाडीवर जमवलेलं साहित्य नव्या गाडीवर चढेल हा. फूटपेग, रॅक, जादा दिवे, ट्रेलरचा हूक, काच, काहीही बसत नाही. मागचा टायरसुद्धा १८० ऐवजी २०० रुंदीचा आहे. ते सगळं जुन्या गाडीसोबतच द्या किंवा वेगळं विका. नव्या गाडीवर तापणारी जॅकेटं, जादा दिवे लावायचे असतील तर आधी वॅटची बेरीज करा आणि जोडणी माहीतगाराकडूनच करून घ्या. जुन्या गाडीत दिव्याची वायर चिमटीत पकडून जोड मारला तरी खपून जायचं. इथे कंट्रोल युनिटला गडबड जाणवली की डॅशबोर्डवर इशारे पेटतात आणि मग शोधत बसा.

जुनी विकण्याआधी किंवा ठेवण्याआधीही दोन जुने रिकॉल (दोष निघाल्याने कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं) तपासून घ्या. २००१ ते २०१० आणि २०१२ च्या जीएल१८०० साठी दुय्यम ब्रेक मास्टर सिलिंडरचा रिकॉल निघाला होता: मागचा ब्रेक पूर्ण सुटत नाही, घासत राहतो, तापतो आणि आग लागण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दुसरा २००६ ते २०१० च्या एअरबॅगवाल्या गाड्यांचा, टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरचा, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचा. तुमची २००८ ची म्हणजे पहिल्याच्या टप्प्यात आहेच, एअरबॅग असेल तर दुसऱ्याच्याही. चॅसी क्रमांक अधिकृत विक्रेत्याला द्या, काम झालं की नाही ते सांगतील. घरी तपासायचं तर थोडं चालवून आल्यावर मागचं चाक मधल्या स्टँडवर हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल किंवा डिस्क नको इतकी तापली असेल तर गाडी तिथेच उभी करा.

जुनी आधी विकून मोकळे होऊ नका. दोन्ही काही महिने ठेवणं शक्य असेल तर ठेवा, निदान नव्या गाडीवर दोघांनी सामानासह एक सलग, मुक्कामाचा दौरा होईपर्यंत. परतल्यावर कंबर, मनगट आणि सौभाग्यवतींचं मत, तिन्हींचा कौल मिळतो.

सेकंडहँड २०१८ ते २०२० ची स्वस्तात मिळते आणि मोह होतो, म्हणून तिच्याबद्दल शेवटचं. पुढचं चाक जमिनीपासून उचलून ठेवा, एकाला हँडल घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही चाक डावीकडे-उजवीकडे हलवा. जोडदांड्यांच्या बॉल जॉइंटमध्ये ढिलाई असेल तर ती तिथे हाताला लागते. डीसीटी असेल तर गार इंजिनावर आणि तापल्यावर, दोन्ही वेळा चढावर थांबून सुटून बघा, हिसका बसता कामा नये. वॉकिंग मोड दोन्ही दिशांना चालवा, काच पूर्ण वरखाली करा, सगळे बॉक्स चावीने आणि बटणाने उघडून मिटा, दुसरी स्मार्ट चावी मागा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललं होतं याची नोंद मागा. यातलं काही दाखवायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघा, या मॉडेलच्या कमी चाललेल्या गाड्या बाजारात पुष्कळ येतात.